लीग असती तर

सर,

तुम्ही गेलात त्यानंतर आपल्या देशात बास्केटबॉलची लीग आली. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि गावात ते सांगण्यासारखा आता माझ्याशिवाय कुणी उरलेला नाही. आली, टीव्हीवर दिव्यांच्या झगमगाटात दिसली, आणि काही हंगामांनी गप्प झाली. बंद झाली असं कुणी जाहीर केलं नाही. एका वर्षी ती लागली नाही, एवढंच. मग काही वर्षांनी दुसऱ्या नावानं आली, मालक दुसरे, कपड्यांचे रंग दुसरे, आणि तीही तशीच गेली. मधे अर्ध्या मैदानावर तिघातिघांची एक निघाली होती. दर वेळी मी टीव्हीसमोर बसलो की मला वाटायचं, तुम्ही मागं उभे आहात आणि आता म्हणणार, "बघ बे, म्हणलं होतं का न्हाई?" पण तुम्ही तसं म्हणायच्या आत ती लीग संपलेली असायची. आता पुन्हा एक निघाली आहे. ह्या वेळी तिच्यात मुलींचे संघ आहेत, आणि त्यातल्या एका संघानं माझ्या मुलीला निवडलं आहे.

तुम्ही तिला पाहिलेलं नाही. माझ्याहून चार बोटं उंच आहे. आपल्याच मैदानावर, आपल्याच खांबाखाली खेळायला शिकली. तिला येत्या सोमवारी सकाळी पुण्याला शिबिरात हजर व्हायचंय. त्याच सोमवारी सकाळी बीडला पोलीस भरतीची मैदानी चाचणी आहे, आणि त्या चाचणीसाठी ती वर्षभर पहाटे उठून पळत आलीय. दोन्हीकडं तारीख बदलून मिळते का, विचारून झालं. मिळत नाही. एक धरायचं तर दुसरं सोडायचं. मुलगी म्हणते, "अण्णा, तुमी सांगताल ते." आणि मी आठवडा झाला काही सांगितलेलं नाही. कारखान्यावर जातो, काट्यावर उसाच्या गाड्या तोलतो, घरी येतो, देवापुढं दिवा लावतो, जेवतो. माझ्या बायकोनं चार दिवस वाट पाहिली आणि आता तीही माझ्याशी कामापुरतं बोलते.

काल आपल्या शाळेच्या संघाचा कॅप्टन येऊन गेला. आता तो पुढारी झालाय, पांढरे कपडे, मागं दोन माणसं. ओसरीवर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "कावून एवढा इचार करायलास बे? वर्दी ती वर्दी. लीग म्हंजे जत्रंतला तंबू. आज हितं, उद्या खुट्या उपटल्या की मैदान मोकळं. तवा पोरगी कुणाच्या दारात उभी राहील?" तो उठता उठता हसून म्हणाला, "तुला तवाबी कळलं न्हाई कवा थांबायचं." माझी मुलगी आतून ऐकत होती. तो गेल्यावर तिनं विचारलं, "तवा म्हंजे कवा?" मी म्हणालो, सांगतो नंतर. पण ते मला आधी तुमच्याशी बोलायचंय.

तुम्ही फौजेतून आलात आणि आमच्या शाळेत खेळाचे मास्तर झालात, तेव्हा गावात कबड्डी होती, कुस्ती होती. बास्केटबॉल कुणी पाहिला नव्हता. छावणीतल्या वाचनालयातली जुनी मासिकं तुम्ही उचलून आणली होती, त्यातली चित्रं दाखवत तुम्ही आम्हाला अमेरिकेतल्या लीगची गोष्ट सांगायचात. खेळाचं सामान ठेवायची ती अंधारी खोली, चुन्याच्या पोत्यांचा वास, तुम्ही उलट्या घमेल्यावर बसलेले आणि आम्ही खाली मांडी घालून. देवळात कीर्तन ऐकावं तसे ऐकायचो. मोठ्या लढाईनंतर तिकडं बर्फावर खेळायच्या खेळांचे दांडगे हॉल होते. मधल्या दिवशी ते रिकामे पडायचे, म्हणून त्यांच्या मालकांनी बर्फावर फळ्या अंथरून बास्केटबॉल लावला, आणि तिथून ती लीग सुरू झाली. एकानं विचारलं, "सर, बर्फावर फळ्या? मंग पाय गारठत न्हाईत?" तुम्ही म्हणालात, "तुझ्यावानी अनवाणी न्हाईत बे ते." सगळे हसले आणि आपापले पाय मांडीखाली ओढून बसले.

त्या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग घड्याळाचा. सुरुवातीच्या वर्षांत तिकडं असं व्हायचं की एखादा संघ पुढं गेला की चेंडू धरूनच बसायचा. बास्केटमध्ये टाकायचाच नाही. समोर फार उंच, फार भारी खेळाडू असला तर त्याच्या हाती चेंडू लागू नये म्हणून पूर्ण सामना असाच आपसात देत-घेत काढायचा. एका सामन्यात तर दोन्ही संघांचे मिळून आपल्या पोरांच्या अर्ध्या डावाइतकेही गुण झाले नाहीत. लोक कंटाळून उठून जायला लागले. लीग बुडते की काय अशी वेळ आली, तेव्हा एका लहानशा शहराच्या संघाच्या मालकानं हिशोब केला. रंगलेल्या सामन्यात चेंडू किती वेळा टाकला जातो ते पाहिलं, सामन्याच्या वेळेला त्यानं भागलं, आणि उत्तर आलं चोवीस सेकंद. तेवढ्यात टाका, नाहीतर चेंडू द्या. तुम्ही म्हणायचात, ह्या एका हिशोबानं लीग वाचली. मग आवाज जरा खाली आणून हेही सांगायचात, की ज्या शहरानं हे घड्याळ दिलं, त्याचा संघ पुढं एका मोठ्या शहरानं नेला. ते शहर बिनसंघाचं राहिलं. तेव्हा हा शेवट मला गोष्टीची शेपटी वाटायचा. आता मुलीचा बाप म्हणून तेवढाच आठवतो.

आपल्याकडं घड्याळ कुठलं. आणि बाकी सगळीकडं नियम तीस सेकंदांचा होता, पण तुम्हाला चोवीसच हवे होते, लीगसारखे. मग तुम्ही गावाचा उपाय काढलात. बाहेर बसलेल्या पोरांनी सावकाश "मोरया" म्हणायचं, एका सेकंदाला एक, चोवीस मोरया झाले की चेंडू दुसऱ्यांचा. लिंबागणेशचा गणपती आम्हाला जवळ, चतुर्थीला सगळं गाव पायी जायचं, त्यामुळं ते नाव पोरांच्या तोंडात बसलेलंच होतं. पण पोरं ती पोरं. समोरच्यांकडं चेंडू असला की आमचे बाहेरचे "मोऱ्यामोऱ्यामोऱ्या" करत गाडी सोडायचे, आणि आपल्याकडं आला की एकेक मोरया विहिरीतून बादली ओढल्यासारखा वर यायचा. तुम्ही एक दिवस शिट्टी मारून खेळ थांबवलात आणि ओरडलात, "देवाचं नाव घेताव का ढोरं हाकताव बे?" मग सगळ्यांवरून नजर फिरवून माझ्यावर आणलीत. "हितून पुढं तू मोजायचं. तू देवाच्या नावात खोट करणार न्हाईस." तुम्हाला कसं कळलं होतं कोण जाणे. मला खरंच भीती वाटायची. एकही मोरया लांबला की वाटायचं, आपण देवाला आपल्या बाजूला ओढतोय. बाहेर असलो की मोठ्यानं मोजायचो, आत खेळत असलो की ओठांतल्या ओठांत. ह्या देवभोळेपणावरून एकदा तुम्ही मला झापलंतही. मैदानात शिरताना मी रेषेला हात लावून कपाळाला लावत होतो, तेव्हा म्हणालात, "नमस्कार घरी करून येत जा. हितं गुडघे वाकव."

आणि मग जिल्ह्याचा तो अंतिम सामना. बीडचं मैदान, समोर शहरातल्या शाळेची पोरं, पायांत सगळ्यांच्या बूट. आपण एका गुणानं पुढं, शेवटचं मिनिट चालू, चेंडू माझ्या हातात. पंचांकडं मोजायचं साधन नव्हतं आणि कुणी मोजतही नव्हतं. सगळे आपसात चेंडू देऊन वेळ काढायचे, तीच रीत होती. कॅप्टन ओरडतोय, "धर! धरून ठेव! टाकू नको!" माझ्याकडून चेंडू जातो, परत येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो, आणि माझ्या ओठांत मोरया चालू आहे. वीस. एकवीस. मला माहीत आहे की इथं चोवीसला काही होत नाही, कुणी शिट्टी मारणार नाही. तेविसाव्याला मी गुडघे वाकवले आणि टाकला. चेंडू कडीला लागून बाहेर आला, त्यांच्या उंच पोरानं तो घेतला, आणि वेळ संपायच्या आत आपल्यावर बास्केट झाली. एका गुणानं हरलो.

परतीच्या एसटीत कॅप्टननं माझी कॉलर धरली होती. "कावून टाकला बे? कोण मोजायलं होतं तिथं?" मी म्हणालो, "मी मोजत होतो." एकजण पाठीमागून म्हणाला, "ह्याला देवळात ठिवा, मैदानात नको." तुम्ही पुढच्या बाकावर होतात. उठून मागं आलात, कॅप्टनचा हात सोडवलात. मला वाटलं, आता माझी पाळी. तुम्ही दांडा धरून हिंदकळत उभे राहिलात आणि म्हणालात, "धरून जिंकला असता तर जिंकलाच असता, त्यात काय. पण मंग आपण इतके दिस मोजायलो कशापायी?" बाकी काही नाही. परत पुढं जाऊन बसलात. कॅप्टन आजही मानत नाही. मी मात्र तेवढ्यावर बरीच वर्षं काढली.

पण सर, ह्याच तोंडानं तुम्ही मला थांबवलंत. बारावी झाली त्या वर्षी पुण्याच्या एका क्लबचा माणूस मला बघून गेला होता. राहायला खोली, दोन वेळ जेवण आणि खेळायचं, नोकरीचं पुढं बघू म्हणाला. त्याच आठवड्यात कारखान्यात काट्यावर पोरगा हवा होता. मी शाळेमागच्या तुमच्या खोलीवर आलो. तुम्ही स्टोव्हवर भाकरी करत होतात. मी सगळं सांगितलं. तुम्ही बराच वेळ तव्याकडं बघत राहिलात आणि म्हणालात, "लीग असती तर मीच तुला गाडीत बसवून दिलं असतं. पण न्हाई ना लीग. तिशीत गुडघे जातील, मंग काय करशील? काटा धर." तुमच्या हातची भाकरी कधी करपत नसे. त्या दिवशी करपली. तुम्ही करपलेली स्वतः घेतलीत आणि दुसरी माझ्या ताटात वाढलीत. मी काटा धरला. घर झालं, लग्न झालं, मुलगी शिकली. तुमचं चुकलं असं मी कधी म्हणालो नाही, आजही म्हणत नाही. पण सर, तुमचा सगळा सल्ला त्या एका 'असती तर'वर उभा होता. आता ती आहे. आहे म्हणजे किती आहे, हे मला कुणी सांगत नाही. हंगामी कामाची गोष्ट आमच्या जिल्ह्याला कुणी नव्यानं शिकवायला नको. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला जातं, आणि यंदा कारखाना सुरू होणार म्हणून सांगून धुराडं पेटलंच नाही, असंही मी बघितलंय. तुम्ही असता तर काय म्हणाला असता? मुलीला काटा धर म्हणाला असता, की गाडीत बसवून दिलं असतं?

इथपर्यंत लिहून मी कागद देव्हाऱ्याच्या खणात ठेवले होते. तुमचं उत्तर येणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी शनिवारी पायी लिंबागणेशला जाऊन आलो. चतुर्थी नव्हती, देवळात गर्दी नव्हती. बराच वेळ बसलो. देवाला काय विचारायचं तेच ठरेना. लीग टिकू दे म्हणावं तर ते माझ्या एकट्यासाठी फार मोठं मागणं, आणि मुलगी घरी राहू दे म्हणावं तर ते तिच्याविरुद्ध. नुसता नमस्कार करून परत आलो.

रविवारी दुपारी मुलगी स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. बायको लसूण सोलत बसली होती. मी पाण्याला गेलो तर मुलीनं मान वर न करता विचारलं, "अण्णा, किती मोरया झाले?" कॅप्टनच्या बोलण्यावरून तिनं तिच्या आईकडून सगळी गोष्ट काढून घेतली होती. ती म्हणाली, "धा दिस होत आले. चेंडू धरून बसलाव तुमी."

बायको म्हणाली, "हो म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा, पण बोला. पोरीच्या तोंडाकडं बघवंना मला."

मी म्हणालो, "बंद पडली तर?"

"पडली तर पडली."

"पडली तर पडली म्हणून कसं चालंल? वर्षभर पळलीस त्याचं काय? परत भरती कधी निघंल, कुणाला ठाऊक?"

"ते बी खरंच हाय." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "एक सांगा. तुमच्या सरांच्या गोष्टीत ते पहिले लोक होते ना, बर्फावरच्या फळ्यांवर खेळणारे. त्यांना म्हाईत होतं का टिकंल म्हणून?"

"नव्हतं."

"मंग ते कशाच्या भरवशावर गेले?"

ते तुम्ही सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं मी ती गोष्ट ऐकली, पोरांना सांगितली, पण त्या लोकांना घरी कुणीतरी आई-बाप असतील, त्यांनी दारात उभं राहून विचारलं असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. बायकोच्या हातातला लसूण तसाच राहिला होता. मुलीनं भाकरी उलटली, मग माझ्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत रडू नव्हतं, राग नव्हता. थकवा होता. मी म्हणालो, "जा."

"कुठं? नीट सांगा. बीडला का पुण्याला?"

"पुण्याला जा."

तिनं गॅस बारीक केला, पिठाच्या हातानंच माझ्या पाया पडली आणि बॅग भरायला गेली. बायको म्हणाली, "एवढंच म्हणायचं होतं, तर आमचा जीव कावून टांगला?" मग पदरात तोंड घालून रडली. संध्याकाळी आम्ही तिला बीडला नेऊन पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. सोमवारी सकाळी काट्यावर पहिली गाडी चढली तेव्हा पोलीस मैदानावर मुलींची नावं पुकारत असतील, असं वाटत राहिलं. मी गाडीचं वजन दोनदा बघितलं, तरी डोक्यात शिरलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, "अण्णा, लक्ष कुठं हाय?" आता तो दिवसही गेला. चाचणी झाली, तिच्या नावापुढं गैरहजर लागलं असेल. परत फिरायची वाट नाही.

आज दुपारी तिचा फोन आला. पाठीमागं चेंडू आपटल्याचा आवाज, पोरींचा कालवा, कुणीतरी शिट्टी मारतंय. ती जरा लांब जाऊन बोलली.

"अण्णा, मॅचेस पुढं ढकलल्यात."

"कधीपर्यंत?"

"सांगितलं न्हाई अजून. सराव चालू ठेवा म्हणलेत. आईला सांगू नका, ती लगीच घोर लावून घेईल."

"तू काय करतीस मग?"

"काय करायचं, सराव करायलेय. लई भारी खेळत्यात हितल्या पोरी, अण्णा. मला पळून पळून दम लागतो. ठेवते, बोलवायलेत."

फोन बंद झाला. तिचा आवाज घाबरलेला नव्हता, उलट घाईत होता, खेळातून मधेच बाहेर आलेल्या माणसासारखा. मी काट्याच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिलो. बाहेर बैलगाड्यांची रांग लागली होती, एक गाडीवान आत डोकावून गेला. कॅप्टन म्हणाला ते खरं होतं की काय, तंबूच्या खुट्या आत्ताच हलायला लागल्या की काय, ह्या भीतीनं माझे हात गार पडायला हवे होते. पडले. पण ते नंतर.

सर, हा कागद कुठं टाकायचा हे मला माहीत नाही. तुम्ही घर मागं ठेवलं नाही, की ज्याच्या दारात तो द्यावा असा माणूस ठेवला नाही. घडी करून देव्हाऱ्याच्या खणात ठेवीन आणि बायकोनं विचारलं तर काही नाही म्हणून सांगेन. पण एक गोष्ट तिला सांगता येणार नाही, मुलीला तर नाहीच नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. मॅचेस पुढं ढकलल्यात असं ती म्हणाली, तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी हे आलं, की आता ती घरी येईल. आणि मला बरं वाटलं.